स्वच्छ आवाज

माझा भाऊ एखाद्या शब्दावर अडकला की तो शब्द मी पुढे करते. हे आमच्या घरात इतकं अंगवळणी पडलंय की आई प्रश्न त्याला विचारते आणि बघते माझ्याकडे. धाकटा म्हणतो आम्ही त्याला. वय काही धाकटं राहिलेलं नाही, कपाळावरचे केस मागे सरकायला लागलेत, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तो अडखळत बोलतो. तसा कुठेही अडतो, पण म आणि न ही दोन अक्षरं त्याची हाडवैरी. दोनच तर अक्षरं, असं लोकांना वाटतं. मी म्हणते, तुम्ही म आणि न वगळून एक दिवस काढून दाखवा, मग बोलू.

त्याने आडवाटा शोधून ठेवल्यात. 'मला' म्हणायचं तिथे 'आपल्याला'. 'नाही' म्हणायचं तिथे 'बघू'. आणि सगळ्यात मोठा हमरस्ता म्हणजे 'चालेल'. न्हावी विचारतो, "एकदम बारीक करू?" याला हवे असतात मध्यम. मध्यम कुठलं निघायला! "चालेल," म्हणतो आणि डोकं भादरून घरी येतो. अशा 'चालेल'वर त्याने चपला घेतल्यात, एक नोकरी धरलीय आणि एका मित्राच्या लग्नात तीन तास गाडी चालवलीय. कुठलं 'चालेल' खरं आणि कुठलं अडलेल्या 'नाही'च्या जागी आलेलं, हे ओळखणारी जगात एकटी मीच, असा माझा समज होता.

आणि त्या दुपारी, आमच्या ॲपमध्ये पैसे घालू शकतील अशा फंडवाल्या बाईंच्या काचेच्या खोलीत तो 'चालेल' म्हणाला, आणि मला काही केल्या ओळखता येईना.

आमच्या ॲपचं नाव गोतावळा. गटांसाठी आहे. तिथे लिहायचं फार नाही, बोलायचं. एकाने आवाजात निरोप ठेवायचा, बाकीच्यांनी ऐकायचा. बांधलं धाकट्याने, एकट्याने, आमच्या मागच्या खोलीत बसून. गट जमवले मी. माझ्या तोंडाचा पट्टा कधी नव्हे तो कामाला आला. गाणाऱ्यांचा एक गट आणला, पहाटे पोहणाऱ्या बायकांचा आणला, एका इमारतीतल्या रहिवाशांचा आणला. हे रहिवासी दिवसभर पाण्याच्या टाकीवरून भांडतात आणि वर मलाच विचारतात की ॲप इतकं हळू का चालतं. पण सगळ्यात पहिला गट, ज्याच्यासाठी हे सगळं उभं राहिलं, तो अडखळे मंडळ. नाव त्यांचं त्यांनीच घेतलंय, मी नाही दिलं.

मंडळाचे नियम धाकट्याचे. निरोप भरभर पळवता येत नाही, मधला भाग गाळून पुढे जाता येत नाही. दुसऱ्याचं वाक्य कुणी पूर्ण करायचं नाही. आणि निरोप शेवटपर्यंत ऐकला की आधी एकच शब्द टाकायचा, 'ऐकलं'. बाकी सल्ले, कौतुक, थट्टा, सगळं त्याच्यानंतर. आमचे शिंपीकाका आले तेव्हा त्यांच्या पहिल्या निरोपात फक्त त्यांचं नाव होतं. नावाला इतका वेळ लागला की माझा चहा गार झाला. खाली ओळीने 'ऐकलं, ऐकलं, ऐकलं'. दुसऱ्या दिवशी काकांनी सांगितलं की दुकानात गिऱ्हाईकं त्यांच्या तोंडातून शब्द काढून घेतात, मापंसुद्धा गिऱ्हाईकच बोलतं आणि काका फक्त मान हलवतात. म्हणून कित्येकांचे सदरे घट्ट झालेत, असंही म्हणाले, आणि हसले. तेव्हा मला कळलं की आपण काहीतरी बरं काम करतोय.

पण बऱ्या कामाला सर्व्हर फुकट मिळत नाही. आमची गंगाजळी आटली होती. पैसे घालणाऱ्या सगळ्यांची दारं ठोठावून झाली होती आणि सगळ्यांनी नन्नाचा पाढा वाचला होता. या बाई म्हणजे शेवटचं दार. त्यांनी पैसे घातले तर गोतावळा जगणार, नाही घातले तर महिनाअखेर बंद, आणि शिंपीकाका परत मान हलवायला मोकळे. माझा जीव अक्षरशः टांगणीला लागला होता.

बाई वाईट नव्हत्या हो. तेच तर. वाईट असत्या तर मला भांडता तरी आलं असतं. स्वतः उठून पाणी दिलं, आईची चौकशी केली. फक्त त्यांना थांबता येत नसे. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं त्या बोलून टाकत, आणि तेही प्रेमाने, जणू तुमचं ओझं हातात घेतायत. माझी वाक्यंही त्या पूर्ण करत होत्या. माझी! आमच्या इमारतीत विचारा कुणालाही, माझं वाक्य पूर्ण करायची आजवर कुणाची छाती झालेली नाही.

"नवीन माणूस येतो, एक निरोप ऐकायला घेतो, आणि थोड्या वेळात..." मी सांगत होते.

"निघून जातो," बाई म्हणाल्या. "बरोबर. का जातो? कारण कुणाला वेळ नाहीये. दोष त्याचा नाही, तुमचाही नाही. आमच्या इंजिनियरने यावर एक गंमत केलीय. ऐका तर खरं."

इंजिनियर कोपऱ्यात बसला होता. जाड चष्मा, अबोल माणूस. त्याने लॅपटॉप पुढे सरकवला आणि एक बटण दाबलं.

"नमस्कार मंडळी. मी हा गोतावळा बनवला. इथे कुणालाच घाई नाही. मनात येईल ते मोकळेपणाने बोला."

धाकट्याचा आवाज. मंडळात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा ऐकू येतो तो स्वागताचा निरोप. तो रेकॉर्ड करताना मी शेजारी बसले होते. एका 'नमस्कार'साठी त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, 'मंडळी'वर त्याने डोळे मिटून टेबलाची कड धरली होती. आणि आता या खोलीत तेच शब्द एकामागून एक, कुठेही न ठेचकाळता, बातम्या देणाऱ्यासारखे घडाघडा बाहेर पडले. अडलेली अक्षरं काढलेली, मधलं थांबणं काढलेलं.

मी धाकट्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"प-परत," तो म्हणाला.

इंजिनियरने परत लावलं. धाकट्याने बोटानेच खूण केली, अजून एकदा. तिसऱ्यांदा ऐकताना त्याचे ओठ त्या आवाजाबरोबर हलत होते.

"याला आम्ही 'स्वच्छ आवाज' म्हणतो," बाई म्हणाल्या. "पैसे द्यायला मी तयार आहे. अट एकच. हे सगळ्या गटांना, सगळ्या निरोपांना लागू. बंद करायचं बटण नको. बटण दिलं की अर्धे लोक बंद ठेवतात आणि आपण आहोत तिथेच राहतो. उद्या सकाळी सही करू. तुमची काही हरकत नाही ना?"

त्याच्याकडे बघून विचारलं. आणि तो म्हणाला, "चालेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, पण मंडळाचं काय..." असं मी सुरू केलंच होतं, तेवढ्यात टेबलाखाली धाकट्याचा हात माझ्या मनगटावर आला आणि त्याने जोरात दाबलं. मी मूग गिळून बसले. मला बसता येतं, कुणी म्हणेल नाही येत, पण येतं.

जिन्यात मात्र माझा बांध फुटला.

"तुला नाही म्हणायचं होतं ना? अडलं म्हणून चालेल म्हणालास ना? सांग मला, मी आत्ता वर जाऊन सांगते."

त्याने नकाराची मान हलवली. "आवडलं."

"काय आवडलं? तो तू नव्हतास रे! तुझे तुकडे होते, जोडून ठेवलेले."

"तु-तुझं काय जातंय?" तो जिन्याच्या वळणावर थांबला. "तुला बोलायला म-म... तुला बोलता येतं. आयुष्यात प-पहिल्यांदा मी स्व-स्व..."

"स्वतःला नीट बोलताना ऐकलंस," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "बघ. तूही कापतेसच. ते यंत्र शब्द तरी म-माझे ठेवतं."

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. घरापर्यंत मी त्याच्या दोन पावलं मागून चालले. घरात शिरल्याबरोबर त्याने मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

इंजिनियरने ते 'स्वच्छ आवाज' वापरून बघायला धाकट्याच्या फोनवर घालून दिलं होतं. थोड्या वेळाने दारातून आवाज यायला लागले. मी कान देऊन उभी राहिले. चोरून ऐकणं म्हणा हवं तर, मला त्याची लाज नाही. आधी तो बोलायचा, त्याचं नेहमीचं, अडत, थांबत, दम लागत. मग फोन तेच परत बोलून दाखवायचा, सुळसुळीत.

"नमस्कार, मी बोलतोय."

"नाही, मला नको."

"मध्यम ठेवा. नाही, बारीक नको. मध्यम."

ते तर न्हाव्याला सांगायचं. हा माणूस एवढी वर्षं मनातल्या मनात न्हाव्याला काय सांगत असेल! मला रागही येईना आणि रडूही येईना. मी कोण म्हणणारी की हे नको? माझी जीभ तर कधी अडली नाही. शिंपीकाकांच्या नावाने मी गळा काढतेय, पण काकांना विचारलं तर काकाही म्हणतील, लावा यंत्र, एकदाचा सुटतो. कुणास ठाऊक. मी दारापासून बाजूला झाले.

आई जेवणाची तयारी करत होती. मी स्वयंपाकघरात गेले तर टेबलावर चार ताटं मांडलेली. आम्ही माणसं तीन.

"अगं, विचार तरी," आई म्हणाली, "भात आत्ताच वाढू की मागून."

"कुणाला विचारू?"

"पाहुण्यांना. त्याच्या खोलीत आलेत ना कुणीतरी? मगापासून ऐकतेय मी. किती छान बोलतात गं. आवाज थोडा आपल्या बाळासारखाच आहे नाही?"

मी काही म्हणणार तोच दारात धाकटा दिसला. हातात फोन होता. त्याने चार ताटं पाहिली.

"गेले का रे?" आईने विचारलं. "असं कसं जाऊ दिलंस? जेवायला थांबवायचं नाही का!"

आईने सवयीने माझ्याकडे पाहिलं, पण या खेपेला पुढे करायला माझ्याकडे शब्द नव्हता. धाकटा येऊन त्याच्या खुर्चीवर बसला. फोन त्याने टेबलावर पालथा ठेवला. आई थोडा वेळ दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली, मग तिने चौथं ताट उचललं आणि परत फडताळात ठेवलं.

जेवण झाल्यावर तो तिच्याबरोबर भांडी पुसायला उभा राहिला. नळ चालू होता. मध्येच बंद व्हायचा, आणि त्याचा आवाज यायचा, अडखळत, लांबत. परत नळ सुरू. काय सांगत होता ते मला कळलं नाही. मी बाहेरच्या खोलीत बसून राहिले आणि पहिल्यांदाच आत गेले नाही.

सकाळी निघताना त्याने माझी वाट अडवली.

"आज तू बोलायचं न-न... तू गप्प बसायचं. कायपण झालं तरी."

"आणि तू काय बोलणार आहेस?"

"बघू."

आता हे 'बघू' कुठलं? माझी आपली रस्ताभर तगमग. सही करणार की काय करणार? आणि नाही केली तर? तो त्या शब्दापर्यंत पोचणार कसा? 'चालेल' एका श्वासात येतं. 'नाही' यायला डोंगर फोडावा लागतो. अडलं की हा 'चालेल' म्हणणार, हे मला दिसत होतं, आणि ते खरं की खोटं हे मला याही वेळी कळणार नव्हतं.

काचेच्या खोलीत कागद मांडून ठेवले होते, वर पेन. बाई प्रसन्न होत्या. इंजिनियरने फोन टेबलाच्या मध्यावर ठेवला.

"बैठक रेकॉर्ड करतोय," तो म्हणाला. "नेहमी करतो. नंतर सगळ्यांना प्रत येईल."

"बसा, बसा," बाई म्हणाल्या. "आपण लगेच मोकळे होऊ. मग, करायची ना सही?"

धाकट्याने श्वास घेतला. ओठ मिटले.

"म..."

आणि तिथे तो अडला. म्हणजे मागेपुढे होणारं अडणं नव्हे हे; हे पूर्ण बंद होणं. ओठ एकमेकांवर घट्ट, मानेवरची शीर ताठ, आवाज नाही. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना वाटतं माणूस विचार करतोय. तो विचार करत नसतो. शब्द समोर उभा असतो आणि दार उघडत नाही.

"मान्य आहे, असंच ना?" बाई म्हणाल्या. गोड हसून, पेन त्याच्याकडे सरकवून.

त्याने पेनाकडे पाहिलं नाही. डोळे मिटले. अडला की त्याला मानसुद्धा हलवता येत नाही. मी खुर्चीचे हात धरले. एक शब्द, फक्त एक शब्द मी टाकला असता तर सगळे सुटलो असतो. पण कुठला टाकू? 'मान्य'लाही म आणि 'मला'लाही म. त्याच्या ओठांवर दोन्ही तसेच दिसतात.

"रकमेबद्दल काही आहे का?" बाईंनी विचारलं. "हिस्सा जास्त वाटतोय? ते बोलता येईल."

"म-म-म..."

इंजिनियरने नजर टेबलावर वळवली. बाहेरून कुणीतरी काचेवर टकटक केलं, बाईंनी हाताने थांबायची खूण केली. खोलीत पंखा नव्हता, थंड हवा होती, आणि धाकट्याच्या कानशिलावरून घामाचा ओघळ खाली येत होता. पुढचं 'चालेल' अगदी तयार होतं. मला दिसत होतं ते. ओठ उघडले असते, जीभ टाळूला लागली असती, आणि गोतावळा वाचला असता, आईला सांगता आलं असतं, मला झोप आली असती. मी मनात म्हणत होते, म्हण रे बाबा, म्हणून टाक, काय व्हायचं ते होऊ दे. आणि त्याच क्षणी म्हणत होते, नको म्हणूस. दोन्ही खरंच म्हणत होते.

"पाणी घ्या," बाई म्हणाल्या. "आपण असं करूया का, तुमच्या ताईच..."

त्या माझ्याकडे वळल्या. मी ओठ दाताखाली धरले. रक्ताची चव आली तोंडात, खोटं नाही सांगत. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, धाकट्याकडेच बघत राहिले, जसं आमच्या मंडळात निरोप ऐकताना बसायचं असतं तसं.

"म-म... मला," तो म्हणाला. डोळे उघडले. "मला न... न..."

परत बंद. बाईंनी घड्याळात पाहिलं, आणि पाहिल्याची त्यांनाच लाज वाटली असावी, कारण हात टेबलाखाली घेतला. मग त्याही गप्प बसल्या. बोलायचं त्यांच्याकडचं संपलं होतं. आम्ही चौघं नुसते बसलो होतो. त्याने टेबलाची कड धरली.

"मला न-नाही चालणार."

बाईंना क्षणभर कळलंच नाही. मग त्यांनी कागद हळूच आपल्याकडे ओढले, कडा जुळवल्या.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. "मग आपलं जमत नाही. वाईट वाटतंय मला. खरंच." आणि काचेपलीकडे थांबलेल्या माणसाला त्यांनी आत बोलावलं.

खाली रस्त्यावर आल्यावर धाकटा भिंतीला टेकून उभा राहिला. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, अभिमानाची की भीतीची मलाच सांगता येईना. सगळं संपलं होतं आणि असा आनंद मला वर्षानुवर्षं झाला नव्हता. बोलायला तर ढीगभर होतं.

"ऐकलं," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली आणि बाहीने घाम पुसला.

घरी आई दारातच. काय झालं, काय झालं. धाकटा म्हणाला, सांगतो, आधी पाणी दे. तेवढ्यात त्याचा आणि माझा फोन एकदमच वाजला. इंजिनियरने कबूल केल्याप्रमाणे बैठकीची प्रत पाठवली होती.

"हेच ऐकव तिला," मी म्हणाले. "कळू दे आईला, तिचा लेक काय चीज आहे ते."

त्याने फोन टेबलावर ठेवून सुरू केला. आई पदर सावरून समोर बसली.

"बसा, बसा. आपण लगेच मोकळे होऊ. मग, करायची ना सही? मान्य आहे, असंच ना? रकमेबद्दल काही आहे का? हिस्सा जास्त वाटतोय? ते बोलता येईल. पाणी घ्या. आपण असं करूया का, तुमच्या ताईच..."

"मला नाही चालणार."

"ठीक आहे. मग आपलं जमत नाही. वाईट वाटतंय मला. खरंच."

संपलं. एवढंच. त्यांच्या 'स्वच्छ आवाज'मधून स्वच्छ केलेलं होतं ते.

आई धाकट्याकडे बघत राहिली. "अरे," ती म्हणाली, "त्या बाई बिचाऱ्या इतक्या परोपरीने विचारतायत, आणि तू आपला फटकन नाही म्हणून मोकळा? जरा विचार तरी करायचास."

"आई!" मी ओरडलेच. "फटकन? फटकन म्हणतेस तू? अगं तिथे..." आणि पुढे मला सांगता येईना. काय सांगणार? तिथे काय झालं होतं? काहीच तर झालं नव्हतं. एक माणूस गप्प बसला होता आणि आम्ही तिघं त्याच्यासमोर बसलो होतो. ते मी तिला कुठल्या शब्दांत देऊ? माझा, माझा पट्टा बंद पडला! धाकट्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला हसू फुटलं. त्याच्या हसण्याने मी आणखी चिडले.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बाईंचा. त्याने मोठ्या आवाजावर टाकला, तो नेहमी टाकतो, मी मदतीला असावं म्हणून.

"मी ते रेकॉर्डिंग ऐकलं," बाई म्हणाल्या. नमस्कार नाही, काही नाही. "आमच्या लोकांना पाठवायच्या आधी ऐकते मी नेहमी. त्यात मी एकटीच बोलतेय. तुम्ही शेवटी उद्धटासारखं एक वाक्य फेकताय. माझ्याबरोबर माझ्या भागीदाराने ऐकलं आणि म्हणाला, बरं झालं सुटलो, घमेंडी माणूस दिसतोय." त्या थांबल्या. "मी होते त्या खोलीत. तसं झालं नव्हतं."

आम्ही तिघंही फोनकडे बघत होतो.

"पैशाचं नंतर बघू. देईन असं आत्ता म्हणत नाहीये," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही नाही का म्हणालात ते मी विचारलंच नाही. ते मला सांगा. तुमच्या शब्दांत."

धाकटा फोनच्या जवळ सरकला. श्वास घेतला. ओठ मिटले.

"म..."

बंद.

फोनमधून काहीच आवाज येईना. लाइन तुटली असं वाटून मी वाकून पाहिलं, तर सेकंद पुढे सरकत होते. आईने सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि बोटाने तिला त्याच्याकडे बघायला सांगितलं. ती बघायला लागली. कपाळावर आठी होती तिच्या, हात मांडीवर घट्ट धरलेले, पण बघत होती.

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवल्यासारखं वाजलं आणि मग बाईंचा श्वास ऐकू आला. बाई फोनवरच होत्या आणि बोलत नव्हत्या.